दुसरं दार: सोयाबीन, मंडी आणि ई-चौपाल

या अंकाचा विषय 'गाव आणि तंत्रज्ञान' ठरला, तेव्हा मंडळाच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, "शेतमालाच्या ऑनलाइन व्यापारावर कोण लिहिणार?" सगळ्यांच्या नजरा कॉमर्सवाल्यांकडे वळल्या. मी हात वर केला, तर सगळे हसले. हसणारच. मी साहित्याची विद्यार्थिनी, वाढले इंदूर शहरात, आणि सोयाबीनचं शेत पाहिलं ते बहुतेक वेळा बसच्या खिडकीतूनच. पण माझ्याकडे एक कारण होतं: माझे आजोबा.

आमचं घराणं मूळचं नगर जिल्ह्यातलं. पणजोबा रेल्वेच्या नोकरीत महूला आले आणि आम्ही इकडचेच झालो. आजोबांनी मात्र रेल्वे धरली नाही. इथल्या धान्य मंडीत एका व्यापाऱ्याच्या पेढीवर त्यांनी तीसेक वर्षं मुनीमगिरी केली. रविवारी मिसाला जाताना स्वच्छ पांढरा सदरा, आणि बाकीचे सहा दिवस खिशाला शाईचा डाग, असं आजी सांगते. मंडीत कॉम्प्युटर आले हा विषय निघाला की आजोबांचं एक वाक्य ठरलेलं: "पोरी, त्या डब्यानं माझी वही खाल्ली."

मागच्या वर्षी ऑक्टोबरात एका वर्गमैत्रिणीच्या गावी गेले होते, देवासच्या पुढे. तिचे वडील सोयाबीन करतात. बोलता बोलता काका म्हणाले (ते माळवीत बोलले, मी मराठीत लिहिते), "गावात कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही आयुष्यात पहिल्यांदा भाव विचारून घराबाहेर पडलो."

दोन माणसं, दोघंही खरं बोलणारी, आणि वाक्यं मात्र अशी. दोन्ही खरी कशी असू शकतात हे समजून घ्यायचं म्हणून मी वाचत गेले. जे कळलं ते इथे सांगते.

मंडीतला एक दिवस

आधी जुनी पद्धत बघू. महाराष्ट्रात जिला बाजार समिती म्हणतात, तिला आपण इकडे मंडी म्हणतो. माळव्यात सोयाबीन जून-जुलैत पेरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. त्याच वेळी दिवाळी तोंडावर असते, कापणीची मजुरी द्यायची असते, गहू-हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं असतं. म्हणजे सगळ्यांना पैशांची गरज एकाच वेळी, आणि सगळ्यांचा मालही एकाच वेळी बाजारात.

शेतकरी रात्री ट्रॉली भरतो, पहाटे निघतो, मंडीत रांगेत उभा राहतो. लिलावाची वेळ झाली की व्यापारी ढिगाशी येतात, मूठभर दाणे तळहातावर घेतात, एखादा दाताखाली फोडून बघतात आणि बोली लागते. शेतकऱ्याला भाव कळतो तो इथे, घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, ट्रॉलीचं भाडं चढल्यावर. भाव पटला नाही तर? माल परत न्यायचा तर पुन्हा भाडं, आणि उद्याचा भाव आजच्यापेक्षा बरा असेल याची खात्री नाही. म्हणून बहुतेक वेळा मान हलते ती 'हो' म्हणूनच.

मग वजन. हम्माल पोती भरतात, तुलावटी काट्यावर तोलतो. हातकाट्याच्या काळात पारड्याला लागलेला धक्का, सांडलेले दाणे, घाईघाईत झालेली मोजणी हे सगळं शेतकऱ्याच्या खाती जायचं. समजा क्विंटलमागे दोन किलो कमी भरले आणि भाव ४,००० रुपये आहे. क्विंटलला ८० रुपये गेले. वीस क्विंटलच्या ट्रॉलीत १,६०० रुपये. चोरी म्हणावी तर दिसत नाही, चूक म्हणावी तर रोज होते. शेवटी पैसे. कधी सगळे रोख, कधी अर्धे आज आणि "बाकीचे पुढच्या आठवड्यात या".

भाव आधी माहीत नाही, वजन नीट दिसत नाही, पैसे कधी मिळणार ते कळत नाही. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगायला हवी. मंडी शेतकऱ्याला लुबाडायला उभारलेली नव्हती. मध्य प्रदेशचा मंडी कायदा १९७२ चा. सावकारानं घरी बसून हवा त्या भावात माल उचलू नये, चार लोकांसमोर उघडा लिलाव व्हावा, हाच अशा कायद्यांमागचा विचार. पण विक्रीचं दार एकच असलं की दारावरचा माणूस मोठा होतो.

कंपनीची अडचण

आता साखळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. सोयाबीनमध्ये तेल साधारण अठरा ते वीस टक्के. तेल काढल्यावर उरते ती प्रथिनांनी भरलेली पेंड, आणि ती कोंबड्या-जनावरांच्या खाद्यासाठी परदेशात जाते. आयटीसी ही कोलकात्याची कंपनी, आपल्याला सिगारेटमुळे माहीत असलेली. तिचा शेतमाल विभाग ही पेंड निर्यात करायचा. सोयाबीन मंडीतून, आडत्यांमार्फत यायचं.

गंमत अशी की जी तक्रार शेतकऱ्याची, तीच थोड्याफार फरकानं कंपनीची. चांगला-वाईट माल एकत्र मिसळून यायचा. शेतकऱ्याला किती मिळाले आणि मध्ये किती वाढले, हे कळायचं नाही. दोन्ही टोकांना अंधार, आणि दिवा मधल्या माणसाच्या हातात.

जून २००० मध्ये एस. शिवकुमार यांच्या नेतृत्वाखाली या विभागानं मध्य प्रदेशातल्या सोयाबीनच्या गावांत एक प्रयोग सुरू केला. नाव ठेवलं 'ई-चौपाल'. साहित्याच्या विद्यार्थिनीला इथे थांबावंच लागतं. चौपाल म्हणजे गावकऱ्यांची बसायची जागा, आपल्याकडचा पार म्हणा. 'ई' हे एकच अक्षर नवं, बाकी शब्द आजोबा-पणजोबांचा. कंपनीला कॉम्प्युटर बसवायचा होता, पण तिनं नाव घेतलं ते बसायच्या जागेचं. हा फक्त जाहिरातीचा शहाणपणा नव्हता, असं मला पुढचं वाचून वाटलं.

पारावर नेमकं काय ठेवलं?

गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी कॉम्प्युटर आणि प्रिंटर बसवला. विजेचा भरवसा नाही म्हणून बॅटरी आणि सौर पॅनेल. गावच्या टेलिफोन लाइनवर इंटरनेट रखडायचं, म्हणून पुढे छतावर उपग्रहाची तबकडी. ज्याच्या घरी हे ठेवलं तो 'संचालक'. तो शिकलेला, गावात पत असलेला आणि स्वतः शेती करणारा असावा, अशी अट. संचालक गावकऱ्यांसमोर जाहीर शपथ घ्यायचा, की सगळ्यांना सारखी सेवा देईन. आसपासच्या साधारण पाच किलोमीटरमधल्या गावांतले लोक त्याच्याकडे यायचे.

स्क्रीनवर हिंदीत मंड्यांचे भाव, हवामान, पेरणी-फवारणीचा सल्ला. बघायला पैसे नाहीत, आणि बघितलं म्हणून माल कंपनीलाच द्यायचा अशी सक्तीही नाही.

विकायचं असेल तर पद्धत अशी. आदल्या दिवशीच्या मंडीच्या भावावरून कंपनी दुसऱ्या दिवसाचा भाव ठरवायची. शेतकरी नमुना घेऊन संचालकाकडे यायचा. ओलावा, काडीकचरा, तुटका दाणा बघून संचालक अंदाजे भाव सांगायचा आणि चिठ्ठीवर लिहून द्यायचा. भाव पटला तर चिठ्ठी घेऊन कंपनीच्या खरेदी केंद्रावर जायचं. तिथे शेतकऱ्यासमोर तपासणी, आणि ट्रॉलीसकट इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन. या मोठ्या काट्याला आपल्याकडे धर्मकाटा म्हणतात. (हा शब्द कुणी घडवला कोण जाणे, पण त्यात सगळी अपेक्षा आली.) पैसे लगेच आणि पूर्ण, शिवाय वाहतुकीचा खर्च. संचालकाला व्यवहारामागे कमिशन.

मघाच्या तीन गोष्टी आठवा. भाव घरी कळला, वजन डोळ्यांसमोर झालं, पैसे हातात पडले. कॉम्प्युटरनं यातलं पहिलंच काम केलं. दुसरं काट्यानं केलं, तिसरं रोखीनं. म्हणून 'इंटरनेटनं क्रांती केली' असं वाचलं की मला आता अर्धवट वाटतं.

हातमिळवणी कुणाकुणाची

एकट्या कंपनीला हे जमलं असतं का? मला नाही वाटत. निदान चार हात लागले.

पहिला हात सरकारचा. मंडीबाहेर खरेदीला राज्याची परवानगी लागत होती. ती मिळाली, आणि कंपनी केंद्रावरच्या खरेदीवरही मंडीचा कर भरत राहिली. सरकारचं उत्पन्न बुडालं नाही, त्यामुळे विरोधाची धार कमी झाली.

दुसरा हात संचालकाचा. आपल्या सोयाबीनचा भाव कोणी अनोळखी माणूस स्क्रीनवरून सांगणार असेल, तर गाव ऐकत नाही. शेजारी सांगत असेल, आणि तोही त्याच भावानं विकत असेल, तर ऐकतं.

तिसरा हात आडत्याचा, आणि हे वाचून मी चकित झाले. ज्याला बाजूला सारायचं त्यालाच कंपनीनं 'संयोजक' म्हणून सोबत घेतलं. गोदामं, हमालीची व्यवस्था, रोकड सांभाळणं, कागदपत्रं ही कामं त्याला येत होती. कंपनीला येत नव्हती. म्हणजे मध्यस्थ गेला नाही. त्याचं काम बदललं, आणि भाव ठरवायची सत्ता त्याच्याकडून गेली.

चौथा हात इतर उद्योगांचा. गावोगाव एक विश्वासाचा माणूस आणि एक जोडणी तयार झाल्यावर बियाणं, खतं, कीटकनाशकं, विमा, कर्ज विकणाऱ्या कंपन्याही त्याच वाटेनं आल्या. माल शहराकडे जाई त्याच रस्त्यानं सामान गावाकडे येऊ लागलं. २००४ मध्ये सीहोरला कंपनीनं 'चौपाल सागर' नावाचं मोठं दुकान काढलं: विक्री केंद्र, बाजार आणि सल्ला एकाच आवारात.

फायदा झाला का, आणि कुणाला?

कंपनीच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून मी स्वतंत्र अभ्यास शोधला. अपराजिता गोयल या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा लेख २०१० मध्ये एका अमेरिकन अर्थशास्त्रीय नियतकालिकात आला. मध्य प्रदेशातल्या मंड्यांचे सोयाबीनचे भाव घेऊन त्यांनी पाहिलं, की ई-चौपालीची केंद्रं आल्यावर त्या भागातल्या भावांत काय फरक पडला. उत्तर: सरासरी एक ते तीन टक्के वाढ. सोयाबीनखालचं क्षेत्रही वाढलं.

एक ते तीन टक्के! मी आधी निराश झाले. मग आकडेमोड केली. ४,००० च्या भावात वीस क्विंटलवर ८०० ते २,४०० रुपये. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात पोरीच्या होस्टेलचा एक महिना निघतो."

पण या अभ्यासातली खरी गोष्ट आकड्यात नाही. ही वाढ *मंडीतल्या* भावाची आहे. म्हणजे ज्या शेतकऱ्यानं कंपनीला एक दाणाही विकला नाही, त्यालाही फायदा झाला. का? कारण आता व्यापाऱ्याला ठाऊक होतं, की समोरचा माणूस भाव जाणून आलाय आणि त्याच्याकडे दुसरं दार आहे. दुसरं दार वापरलं नाही तरी चालतं, ते उघडं आहे हे दोघांना माहीत असलं की पुरतं.

माझ्या मते सगळ्या विषयाचं सार हेच. शेतकऱ्याला बळ मिळालं ते स्क्रीनमुळे नाही, कंपनीच्या चांगुलपणामुळेही नाही. दोन दारं झाली म्हणून मिळालं. याचा उलटा अर्थही तितकाच खरा. उद्या मंडी ओस पडली आणि फक्त कंपनीचं दार उरलं, तर आपण पुन्हा पहिल्या जागी. आणि एक बारीक मुद्दा: कंपनीचा भाव मंडीच्या कालच्या भावावरून ठरायचा. मंडीतला लिलावच आटला, तर कंपनी तरी भाव कशावरून काढणार?

ज्यांना खुर्ची ठेवली नव्हती

आता आजोबांचं वाक्य. आडत्याला 'संयोजक' म्हणून जागा मिळाली. संचालकाला मान आणि कमिशन मिळालं. पण माल मंडीऐवजी केंद्रावर उतरला, तेव्हा हम्माल, तुलावटी, मंडीच्या दारातला चहावाला आणि आसपासचे दुकानदार यांचं काम कमी झालं. ई-चौपालीवरच्या सुरुवातीच्या अभ्यासांतही याची नोंद आहे. त्यांच्याशी कुणी करार केला नव्हता.

आजोबांच्या पेढीचा कुठल्या चौपालीशी थेट संबंध नव्हता. पण सगळा बाजारच बदलत होता. मालकानं हिशेबाला कॉम्प्युटर आणला, एक तरुण मुलगा ठेवला, आणि आजोबांना म्हणाला, "आता आराम करा." आजोबा तेव्हा साठीला टेकले होते. त्यांची लांबट लाल वही घरी आली ती अजून कपाटात आहे, बायबलच्या खालच्या कप्प्यात. शेवटची कितीतरी पानं कोरी. लहानपणी मी त्यावर चित्रं काढायला मागायचे, तर द्यायचे नाहीत.

दोन्ही वाक्यं खरी कशी, हे मला इथे कळलं. काका ट्रॉलीवर बसून बोलत होते, आजोबा गादीवर बसून. मात्र आजोबांच्या वहीची मला आठवण आहे म्हणून काकांचे १,६०० रुपये खोटे ठरत नाहीत. हेही मला स्वतःला दोन-तीनदा सांगावं लागलं.

पुढे काय झालं

ई-चौपाल हे मंडीबाहेरचं दुसरं दार. पण मंडीच्या आतच आणखी दारं पाडली तर? हा प्रयोग कर्नाटकात झाला. बेळगावच्या वाचकांना हे जवळचं वाटेल. २०१४ मध्ये राज्य सरकार आणि एनसीडीईएक्स या वायदेबाजाराची हजर व्यापाराची कंपनी, यांनी सारख्या भागीदारीत 'राष्ट्रीय ई-मार्केट सर्व्हिसेस' ही कंपनी काढली आणि राज्यातल्या बाजार समित्या एका ऑनलाइन लिलावात जोडायला घेतल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्यामुळे भाताचा भाव सरासरी ५.१, भुईमुगाचा ३.६ आणि मक्याचा ३.५ टक्क्यांनी वाढला. काही पिकांत मात्र ठळक फरक दिसला नाही. ज्यांचा माल उजवा, त्यांना फायदा जास्त झाला.

केंद्र सरकारनं १४ एप्रिल २०१६ रोजी 'ई-नाम' सुरू केलं, आठ राज्यांतल्या २१ मंड्यांपासून. मे २०२० पर्यंत १,००० मंड्या जोडल्या गेल्या. इथेही हातमिळवणीच: सरकारी संस्था चालवणार, सॉफ्टवेअरची भागीदार हैदराबादची एक खत कंपनी, आणि मंड्या राज्यांच्या.

पण मंडीला इंटरनेट जोडणं सोपं, व्यापार जोडणं अवघड. विचार करा, दूरच्या शहरातला व्यापारी आपल्या मंडीतल्या सोयाबीनवर बोली का लावेल? त्याला दाणा तळहातावर घेता येत नाही, दाताखाली फोडता येत नाही. म्हणून मंडीतच दर्जा तपासणारी प्रयोगशाळा हवी, आणि तिच्या कागदावर परक्याचा विश्वास बसला पाहिजे. मग माल तिथवर नेणारी वाहतूक हवी, आणि तक्रार झाली तर ती कुठे सोडवायची याचं उत्तर हवं. यातलं एक जरी नसलं, तर स्क्रीनवर बोली लावणारे तेच चार ओळखीचे व्यापारी असतात, फक्त आता बोटांऐवजी बटणं दाबतात.

तुम्ही शेतकरी घरातले असाल तर

आपल्या मंडळात अनेकजण देवास, धार, सीहोर, उज्जैनकडून आलेत. आता गावात तबकडी लागत नाही, भाव खिशातल्या फोनवर येतो. काकांच्या शेजारच्या जुन्या संचालकाच्या घरी तो कॉम्प्युटर क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलाय, टीव्हीच्या बाजूला. रोज एखादं नवं ॲप 'थेट विका, मध्यस्थ नको' म्हणत येतं. घरच्यांनी विचारलं, "हे घेऊ का?" तर माझ्या मते चार प्रश्न विचारायचे. भाव घर सोडण्याआधी पक्का कळतो का? वजन आणि दर्जा माझ्यासमोर तपासतात का? पैसे किती दिवसांत, आणि अडले तर कुणाकडे जायचं? आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: हे नको झालं, तर माझ्याकडे दुसरं दार उरतं का?

लेख पूर्ण झाल्यावर आजोबांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. 'खुर्ची'च्या भागाला काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "सगळं लिहिलंस. पण धर्मकाटा झाला तरी त्याचं बटण माणूसच दाबतो. त्याच्यावर नजर कोणाची, ते विचार."

म्हणून पाचवा प्रश्न आजोबांचा. तो मी यादीत घातला आहे.